हिशेबाचा डेटाबेस आखताना: बिलबुकापासून टेबलापर्यंत

दुकानाच्या हिशेबासाठी डेटाबेस बनवायला बसलेला नवा माणूस बहुधा टॅलीचा स्क्रीन समोर ठेवतो आणि त्यावर जे दिसतं त्याची टेबलं करतो. लेजरचं एक, व्हाउचरचं एक, स्टॉकचं एक. ग्राहकाच्या टेबलात ‘शिल्लक’ नावाचा एक कॉलम. दोन महिने सगळं सुरळीत चालतं. मग मालक विचारतो, “पाटलांनी मंगळवारी वीस हजार दिले, ते कुठल्या बिलात गेले?” आणि डेटाबेसकडे सांगण्यासारखं काहीच नसतं.

खतावणी, येणी, ताळेबंद ही सगळी उत्तरं आहेत. साठवायचं ते मूळ घडलेलं: बिल झालं, माल गेला, पैसे आले. हा क्रम उलटा झाला की पुढे कितीही चांगला कोड लिहा, ठिगळंच लावत बसाल.

उदाहरण म्हणून एकच दुकान घेऊ. सिमेंट, पाइप आणि फिटिंग विकणारा घाऊक व्यापारी, दोन गोडाऊन, एक वसुलीवाला, दोन बँक खाती. आपण फक्त विक्री आणि वसुलीची बाजू आखू. खरेदीची बाजू बरीचशी याच साच्यातली असते. टेबलांची नावं इथे मराठीत लिहिली आहेत ती वाचायला सोपी जावीत म्हणून. प्रत्यक्षात रोमन अक्षरांत ठेवा, नाहीतर जुनी रिपोर्टिंगची हत्यारं कुरकुर करतात.

## पायरी १: आधी कागद गोळा करा

संगणक बंद ठेवा. दुकानात जाऊन हे मागून घ्या: बिलबुक, पावतीपुस्तक, गोडाऊनमधून माल सोडायच्या चिठ्ठ्या, गोडाऊनची वही, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि वसुलीवाल्याची डायरी. ही शेवटची वस्तू मागायला लोक विसरतात. खरं तर तीच सगळ्यात बोलकी असते. ‘चेक ५ तारखेनंतर टाका’, ‘२ पोती फुटली, पुढच्या बिलात वळते’ असल्या नोंदी तिच्या समासात असतात आणि त्यातली प्रत्येक तुमच्या आराखड्यात कुठेतरी बसायला हवी.

मग मालकाला, गोडाऊनवाल्याला आणि वसुलीवाल्याला वेगवेगळं गाठून तेच प्रश्न विचारा. एका पावतीत किती बिलं भागतात? बिलाशिवाय पैसे घेता का? बिल झाल्यावर माल लगेच जातो का? तिघांची उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथे थांबा. गडबड नेमकी तिथेच असते.

सावधान: जुन्या सॉफ्टवेअरचा स्क्रीन हा कागद नव्हे. तो आधीच्या माणसाने केलेला आराखडा आहे, त्याच्या चुकांसकट.

तपासा: प्रत्येक प्रकारच्या कागदाचा किमान एक विचित्र नमुना हाती आहे का? खाडाखोड केलेलं बिल, परत आलेला चेक, अर्धा परत आलेला माल. नसेल तर पुन्हा जा.

## पायरी २: घटना, वस्तू आणि माणसं वेगळी काढा

विल्यम मॅकार्थी यांनी १९८२ मध्ये हिशेबासाठी मांडलेली ‘आरईए’ (रिसोर्सेस, इव्हेंट्स, एजंट्स) ही पद्धत इथे अजूनही कामाला येते. तीन खाने करायचे: डावीकडे संसाधनं, मध्ये घटना, उजवीकडे घटनेत भाग घेणारे.

मधला खाना आधी भरा. घटना त्या क्रमाने वरून खाली लिहा ज्या क्रमाने त्या घडतात: ऑर्डर, विक्री, उचल, वसुली, माल परत, चेक परत. मग प्रत्येक घटनेच्या डावीकडे काय हललं ते लिहा, म्हणजे माल, रोकड किंवा बँक. उजवीकडे त्यात कोण होतं ते लिहा: ग्राहक, काउंटरवरचा माणूस, गोडाऊनवाला, वसुलीवाला.

‘उचल’ वेगळी का? सिमेंटच्या धंद्यात बांधकामवाला २०० पोत्यांचं बिल आज करून घेतो आणि माल लागेल तसा उचलतो: आज ५०, गुरुवारी ८०, उरलेला पुढच्या आठवड्यात. विक्री आणि उचल एकच धरली, तर बिल झाल्याक्षणी संगणकावरचा साठा २०० ने कमी होतो आणि गोडाऊनमध्ये मात्र १५० पोती दिसत राहतात. महिनाअखेरच्या मोजणीत मग गोडाऊनवाल्यावर नाहक संशय येतो. माझ्या पहिल्याच कामात मी नेमकं हेच केलं होतं, आणि तो साधा माणूस आठवडाभर पुन्हा पुन्हा पोती मोजत होता.

काय घटना नाही, तेही ओळखा. बिल छापणं, उधारीसाठी फोन करणं, रिपोर्ट काढणं या घटना नव्हेत. माल किंवा पैसा हलला का, किंवा हलवायचं वचन दिलं गेलं का, एवढंच विचारा.

तपासा: दुकानातून काही बाहेर जाणाऱ्या प्रत्येक घटनेसमोर काहीतरी आत आणणारी घटना आहे का? विक्रीसमोर वसुली आहे. माल परत आला, तर त्यासमोर काय? पैसे परत की पुढच्या बिलात वळते? जोडीदार सापडत नसेल तर एक घटना तुमच्याकडून राहिली आहे.

## पायरी ३: किमान आणि कमाल ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पायरी २ मधली प्रत्येक नोंद एका चौकोनात घाला आणि ज्यांचा संबंध आहे ते चौकोन रेघेने जोडा. दोन चौकोनांमधल्या प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना दोन आकडे लिहायचे: कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. याला कार्डिनॅलिटी म्हणतात. हे आकडे प्रोग्रामरने ठरवायचे नसतात, ते दुकानाच्या रिवाजातून येतात.

विक्री आणि वसुली घ्या.

एका विक्रीला कमीत कमी किती वसुल्या? शून्य, कारण उधारी आहे. जास्तीत जास्त? अनेक, कारण हप्त्याने देतात. आता दुसऱ्या टोकाने. एका वसुलीत कमीत कमी किती बिलं? घाईत लोक ‘एक’ लिहितात आणि तिथेच घसरतात. आगाऊ रक्कम आली तेव्हा बिल झालेलंच नसतं, म्हणून इथेही शून्य. जास्तीत जास्त अनेक.

समजा पाटलांची दोन बिलं आहेत. पहिलं सिमेंटचं: ५० पोती, ३०० रुपये दराने १५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,७००, एकूण १७,७००. दुसरं पाइपचं: ७,००० आणि जीएसटी १,२६०, एकूण ८,२६०. मंगळवारी त्यांनी २०,००० दिले. १७,७०० पहिल्या बिलात गेले, २,३०० दुसऱ्यात, आणि दुसऱ्या बिलावर ५,९६० बाकी राहिले.

हे ‘१७,७००’ आणि ‘२,३००’ कुठे लिहिणार? विक्रीच्या टेबलात बसत नाहीत, कारण एका बिलाला अनेक पावत्या असतात. वसुलीच्या टेबलातही बसत नाहीत, कारण एका पावतीत अनेक बिलं असतात. ते दोघांच्या नात्याचे आकडे आहेत, म्हणून नात्याचंच टेबल लागतं. त्याला आपण ‘वळते’ म्हणू. मालकाच्या प्रश्नाचं उत्तर या टेबलात असतं आणि नवख्या आराखड्यात नेमकं हेच टेबल नसतं.

बाकीची नाती भराभर होतात. एका ग्राहकाला शून्य ते अनेक विक्री, एका विक्रीला एक आणि एकच ग्राहक. एका विक्रीत एक ते अनेक माल, एक माल शून्य ते अनेक विक्रींत. एका विक्रीला शून्य ते अनेक उचली, एका उचलीला एकच विक्री. पण हे शेवटचं गोडाऊनवाल्याला विचारून घ्या. एकाच गाडीत दोन बिलांचा माल जात असेल, तर इथेही जोड-टेबल लागेल.

सावधान: ‘आमच्याकडे असं कधी होत नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. पायरी १ मधले विचित्र नमुने बाहेर काढा. कमालच्या जागी ‘एक’ लिहून पुढे ‘अनेक’ करावं लागलं तर टेबल फोडावं लागतं, जुना डेटा हलवावा लागतो आणि प्रत्येक रिपोर्ट पुन्हा लिहावा लागतो.

## पायरी ४: टेबलं पाडा, ‘की’ (key) ठरवा

आता हात चालवायचा. आकृतीतल्या प्रत्येक चौकोनाचं एक टेबल. अनेक-ते-अनेक असलेल्या प्रत्येक नात्याचं आणखी एक: ‘विक्री_ओळ’, ‘उचल_ओळ’, ‘वळते’. की (key) म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ ओळखायचा क्रमांक. एक-ते-अनेक असेल तिथे ‘एक’ बाजूची ही की ‘अनेक’ बाजूच्या टेबलात जाते, आणि तिथे तिला फॉरेन की म्हणतात. म्हणजे ग्राहकाचा क्रमांक विक्रीच्या टेबलात. ग्राहकाच्या टेबलात ‘बिल१, बिल२, बिल३’ असे कॉलम दिसले तर वही बंद करून पायरी ३ पासून पुन्हा सुरुवात करा.

प्रायमरी की म्हणून, म्हणजे टेबलाची स्वतःची की म्हणून, अर्थ नसलेला साधा क्रमांक घ्या. लोकांना मोह होतो तो दोन ठिकाणी.

बिल नंबर की म्हणून नको. बहुतेक दुकानांत तो १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू होतो. आर्थिक वर्ष, मालिका आणि क्रमांक या तिघांवर मिळून युनिक अट घाला, म्हणजे तीच जोडी दोनदा येणार नाही. नियमाप्रमाणे बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, तेव्हा कॉलमही तेवढाच ठेवा.

जीएसटी क्रमांकही की म्हणून नको. नोंदणी नसलेल्या ग्राहकाकडे तो नसतो. शिवाय एकाच पॅनवर महाराष्ट्राचा २७ ने सुरू होणारा आणि गोव्याचा ३० ने सुरू होणारा असे वेगवेगळे क्रमांक असू शकतात. ग्राहक एक, जीएसटी क्रमांक दोन. त्यासाठी वेगळं छोटं टेबल करणं बरं.

तपासा: प्रत्येक टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे एका वाक्यात सांगता येतं का? ‘वळते’मधली एक ओळ म्हणजे ‘या पावतीतले एवढे रुपये या बिलात या तारखेला वळवले’. वाक्यात ‘किंवा’ आलं तर त्या टेबलात दोन टेबलं लपली आहेत.

## पायरी ५: कॉलम भरा, पण दर आणि पत्ता गोठवा

पैशासाठी डेसिमल (नेमके दशांश ठेवणारा प्रकार) वापरा, फ्लोट (अंदाजे आकडा ठेवणारा प्रकार) कधीच नाही. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोब्बर ०.३ येत नाही. पाच हजार ओळींनंतर तेच कुठेतरी एका पैशाचा फरक म्हणून वर येतं आणि तो शोधायला दिवस जातो. कराच्या दरासाठी तीन दशांश ठेवा. हिऱ्यांच्या धंद्यातला ०.२५ टक्के दर केंद्र आणि राज्य यांच्यात अर्धा-अर्धा केला की ०.१२५ होतो. सिमेंटवाल्याला ते लागणार नाही, पण एक जागा जास्त ठेवायला काहीच जात नाही.

आता नॉर्मलायझेशन. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहू नका, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो अर्धवट कळला की हिशेबात घात होतो. नवखा म्हणतो, दर ‘माल’ टेबलात आहे, मग ‘विक्री_ओळ’मध्ये पुन्हा कशाला?

सिमेंटचंच बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ज्यांनी दर फक्त मालाच्या टेबलात ठेवला होता, त्यांनी तो तिथे बदलला, आणि ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तर ते १८ टक्क्यांनी निघेल. ऑगस्टच्या बिलावरची चार पोती ऑक्टोबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) मूळ बिलाच्या २८ टक्क्यांनीच करायची असते. तो २८ आता डेटाबेसमध्ये कुठेच उरलेला नसतो.

मालाचा आजचा दर आणि त्या दिवशी त्या बिलात लावलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही साठवल्या तर ती पुनरावृत्ती नव्हे. ग्राहकाचं बिलावरचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक यांचंही तसंच: बिल झालं त्या क्षणीचे बिलासोबत गोठवून ठेवा. पुरवठ्याचं राज्यही बिलावर वेगळ्या कॉलमात ठेवा, कारण सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवर) लागणार की आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवर) हे त्यावर ठरतं आणि नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत ते काढायला दुसरा आधारच नसतो.

उलट ‘शिल्लक’, ‘एकूण उधारी’, ‘सध्याचा साठा’ हे कॉलम ठेवू नका. ते बेरीज-वजाबाकीने निघतात. वेगासाठी पुढे कधी ठेवावेच लागले, तर केव्हाही पुसून पुन्हा काढता येतील असे ठेवा.

सावधान: तारखा एकापेक्षा जास्त असतात. चेकवरची तारीख, चेक हातात आला ती तारीख, बँकेत जमा झाला ती तारीख. आणि ‘वळते’ टेबलाला स्वतःची तारीख लागते. २८ मार्चला आलेली रक्कम ५ एप्रिलच्या बिलात वळवली, तर ३१ मार्चला ती आगाऊ रक्कमच होती. ही तारीख नसेल तर गेल्या वर्षाची येण्यांची यादी दर आठवड्याला वेगळी निघते आणि सीए दर वेळी तुम्हालाच फोन करतात.

## पायरी ६: जमा-नावे कुठे बसवायचं

शुद्ध आरईएवाले म्हणतात, जमा-नावे साठवूच नका, घटनांमधून काढा. तत्त्व म्हणून मान्य. पण घसारा, वर्षअखेरच्या समायोजन नोंदी, सीएने सांगितलेल्या दुरुस्त्या कुठल्याच विक्री-वसुलीतून निघत नाहीत. म्हणून मी मधला रस्ता धरतो.

‘व्हाउचर’ आणि ‘व्हाउचर_ओळ’ अशी दोन टेबलं ठेवा. विक्री किंवा वसुलीची नोंद झाली की त्याच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जातं किंवा काहीच नाही अशा एका गठ्ठ्यात) तिचं व्हाउचर आपोआप तयार व्हावं आणि त्यावर मूळ घटनेचा क्रमांक असावा. हाताने लिहिता येईल ते फक्त समायोजनाचं व्हाउचर. पाटलांच्या पहिल्या बिलाचं व्हाउचर असं होईल: पाटील नावे १७,७००; विक्री जमा १५,०००; सीजीएसटी जमा १,३५०; एसजीएसटी जमा १,३५०.

बिल झालं पण माल अजून आपल्याच गोडाऊनमध्ये आहे, तर वर्षअखेरीला तो माल कोणाचा धरायचा, हे कोड लिहिण्याआधी सीएला विचारा. त्याचं उत्तर तुम्ही अंदाजाने द्यायचं नाही.

## पायरी ७: कुलपं लावा

नियम प्रोग्राममध्ये नको, डेटाबेसमध्येच घाला. प्रोग्राम बदलतात, कोणीतरी एक्सेलमधून थेट डेटा ओततो, आणि नियम बाहेरच राहतात.

विक्री असलेला ग्राहक पुसता येऊ नये. रक्कम ऋण नसावी. एका पावतीचं ‘वळते’ त्या पावतीच्या रकमेपेक्षा जास्त होऊ नये. व्हाउचरच्या नावे बाजूची बेरीज जमा बाजूएवढी असावी. यातल्या शेवटच्या दोन अटी डेटाबेसच्या साध्या ‘चेक कन्स्ट्रेंट’ने (कॉलमवर घातलेल्या अटीने) भागत नाहीत, कारण तो एकाच ओळीपुरतं बघतो. त्यासाठी ट्रिगर किंवा स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेला छोटा कोड, लागतो. आणखी एक: मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.०.१६ पूर्वीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंटची अट लिहून घेतात, पण पाळत नाहीत. सर्व्हर जुना असेल तर चुकीची ओळ मुद्दाम घालून बघा.

बिल नंबर आपोआप वाढणाऱ्या कॉलममधून घेऊ नका. ट्रान्झॅक्शन रद्द झाला तरी पोस्टग्रेस डेटाबेसचा सीक्वेन्स (क्रमांक देणारा मोजणीयंत्र) मागे येत नाही, आणि ४१२ नंतर थेट ४१४ येतो. बिलं सलग क्रमांकाची हवीत. त्यासाठी ‘क्रमांक’ नावाचं छोटं टेबल करा, मालिकेची ओळ लॉक करा, एक वाढवा आणि बिल त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा.

चुकीचं बिल पुसायचं नाही, रद्द करायचं किंवा उलट नोंद करायची. चेक परत आला तर वसुली पुसू नका, ‘चेक परत’ ही नवी घटना लिहा. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. आपल्या व्यापाऱ्याचं दुकान एकट्याच्या मालकीचं आहे, त्याला हा नियम लागू नाही. तरी कोणी, केव्हा, काय बदललं याचं टेबल ठेवाच. भांडण झालं की सगळे आधी तेच मागतात.

## पायरी ८: खरा डेटा ओतण्याआधी वीस व्यवहार चालवा

वीस व्यवहार कागदावर लिहा, पायरी १ मधले विचित्र नमुने धरून. हाताने खतावणी काढा. मग तेच व्यवहार टेबलांत घालून क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) उत्तरं काढा: ३१ मार्चची बिलनिहाय येणी, दोन्ही गोडाऊनमधला साठा, बिल झालेला पण न उचललेला माल, ट्रायल बॅलन्स. घटनांवरून निघालेली एकूण येणी आणि व्हाउचरवरून निघालेली ग्राहकांची एकूण शिल्लक पैशापर्यंत जुळली पाहिजे. जुळली नाही तर आधी चेक-परत आणि आगाऊ रकमेच्या ओळी बघा. माझ्या अनुभवात फरक बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

हे जमलं की आरंभीची शिल्लक आणा. ‘पाटील, येणे ५,९६०’ अशी एकच ओळ टाकू नका. जुनी प्रत्येक बाकी बिलाच्या मूळ नंबर-तारखेसह वेगळी ओळ म्हणून आणा, मिळालेली पण न वळवलेली आगाऊ रक्कम वेगळी, हातातले न टाकलेले चेक वेगळे. एकगठ्ठा शिल्लक घेतली तर पुढचा पैसा आला की तो वळवायला बिलच नसतं.

ही यादी प्रत्येक मोठ्या ग्राहकाला दाखवून सही घ्या, मगच जुनी वही बंद करा. वसुलीवाल्याची डायरी मात्र पहिले तीन महिने चालू राहू द्या, आणि दर शनिवारी तिच्याशी ‘वळते’ टेबल ताडून बघा.